न वाजणारं झाकण

फुटपट्टीला आयुष्यात कशाचीच लाज वाटत नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं, आणि शाळेचंही काही वेगळं नव्हतं. सुताराची पोर, नववीत शिकणारी. दप्तरात डब्याआधी लाकडी फुटपट्टी ठेवायची. बाकाची उंची, फळ्याची लांबी, दारापासून घंटेपर्यंतचं अंतर, जे दिसेल ते मोजून वहीत उतरवायची. वर्गातल्या मुलींनी हे नाव तिला चिडवायला ठेवलं होतं, पण तिनं ते असं काही मिरवलं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

तर या फुटपट्टीनं एका सकाळी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर उभं राहून सांगितलं की मुलींच्या बाथरूममध्ये पॅडची पेटी पाहिजे. फुकट, न मागता मिळणारी. पाळी हा शब्द तिनं चार वेळा उच्चारला. पहिल्या वेळेला मागच्या रांगा खुसखुसल्या, चौथ्या वेळेला कोणी खोकलंसुद्धा नाही. गणिताच्या सरांनी चष्मा पुसायला काढला तो भाषण संपेपर्यंत पुसतच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत आधी काही सोय नव्हती का? होती ना. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात वर्षभर एक पुडा असायचा. लागला तर कारकून काकांकडे जायचं, त्यांनी किल्ली शोधेपर्यंत उभं राहायचं, मग वहीत नाव, इयत्ता आणि कारण लिहून सही करायची. वर्षभरात त्या वहीत दोन नावं आली होती आणि त्यातलं एक खडू न्यायला आलेल्या मुलीचं होतं, चुकून भलत्याच वहीत लिहिलेलं. एवढ्यावरून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ठरवून टाकलं होतं की आपल्या मुलींना याची फारशी गरज पडत नाही.

पण मोठ्या बाई आडमुठ्या नव्हत्या. त्यांनी फुटपट्टीला बोलावून घेतलं, सगळं ऐकलं आणि एक महिना दिला. पेटी लावा, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येऊन बघेन, वापर दिसला तर राहील, नाही दिसला तर काढून टाकू. चौकातल्या औषधांच्या दुकानातल्या काकूंनी चाळीस पॅड दिले आणि संपले की आणखी देते म्हणाल्या. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

फुटपट्टीला ही पेटी सगळ्या शाळेसाठी हवी होती, हे खरंच. पण तिच्या डोळ्यांसमोर होती ती एकच मुलगी, तिच्याच बाकावर शेजारी बसणारी. तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी वर्गात शिरल्यापासून जी सुरू व्हायची ती घरी जाईपर्यंत बंद व्हायची नाही. बातम्या, नकला, शेजाऱ्यांची भांडणं, सगळे कार्यक्रम. महिन्याचे चार दिवस मात्र हे स्टेशन बंद असायचं, कारण त्या चार दिवसांत रेडिओ शाळेतच यायची नाही. कधी ताप, कधी पाहुणे, कधी पोटदुखी. फुटपट्टीनं सवयीनं तारखा वहीत लिहून ठेवल्या आणि एक दिवस सहज अंतर काढलं. अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. पाहुणे काही इतके नेमाने येत नाहीत.

रेडिओच्या घरी चौघी बहिणी आणि कमावणारी एकटी आई. थोरल्या दोघी आता कामाला जायला लागल्या होत्या, म्हणून घरात जो काही पुडा यायचा तो आधी त्यांना. रेडिओच्या वाट्याला घरी बसणं. फुटपट्टीनं एकदा शहाणपणा करून आपल्या दप्तरातला एक पॅड तिच्यासमोर धरला होता. रेडिओनं तो तिच्याच दप्तरात परत कोंबला आणि म्हणाली, "मी मागितला होता का?" त्यानंतर आठवडाभर ती फुटपट्टी सोडून सगळ्या जगाशी बोलत होती. तेव्हाच फुटपट्टीनं कानाला खडा लावला. देणाऱ्याचा हात दिसला की रेडिओ घेणार नाही. तिला घ्यायचं असेल तर ते भिंतीकडून घेता आलं पाहिजे.

आणि आता वेळ थोडा होता. वर्गशिक्षिका बाईंनी रेडिओला स्पष्ट बजावलं होतं की हजेरी इतकी खाली आली आहे की आणखी दोन दिवस बुडाले तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. फुटपट्टीनं वही उघडून बोटं मोजली. रेडिओचे पुढचे चार दिवस येत होते नेमके महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे बुधवार ते शनिवार.

पेटी बाबांनी करून दिली होती. बाबा म्हणजे गावातला नावाजलेला सुतार, मापाला पक्का. तीस वर्षं मशीनच्या करवतीपाशी उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर घसा ताणून बोलावं लागायचं, त्यामुळे त्या घरात गुपित असं काही टिकायचंच नाही. फुटपट्टीनं त्यांना लांबी, रुंदी, खोली, जमिनीपासूनची उंची असं सगळं लिहून दिलं. बाबांनी कागद वाचला, पेन्सिल कानावर ठेवली आणि साधा प्रश्न विचारला, की आत काय ठेवायचं आहे.

बाबांच्या दुकानात तेव्हा पॉलिशवाले आजोबा होते, खुर्ची दुरुस्तीला आणलेलं एक गिऱ्हाईक होतं. अख्ख्या शाळेसमोर चार वेळा पाळी म्हणणारी आमची ही वाघीण एकदम अडखळली. आणि मग ओरडून म्हणाली, "सूचना पेटी आहे!"

बाबा खूश झाले. सूचना पेटी म्हटल्यावर त्यांनी जीव ओतला. चांगलं जाड लाकूड घेतलं, झाकणाला करकरीत बिजागऱ्या लावल्या आणि आत असा काही चाप बसवला की झाकण मिटलं की खट्ट असा आवाज व्हावा. त्यांनी चार-पाच वेळा उघडून मिटून दाखवलं. सूचना टाकणाऱ्याला कळलं पाहिजे की आपलं म्हणणं पोचलं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ज्या झाकणाचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू यायचा नाही, ते त्यांच्या लेखी नीट बसलेलंच नसायचं.

पेटी शेवटच्या संडासात आतल्या भिंतीवर लागली. सुबक, निळ्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, घ्या. पहिल्या आठवड्याच्या शेवटी फुटपट्टीनं आत डोकावलं तर चाळीस. दुसऱ्या आठवड्यानंतरही चाळीस. तिनं मुलींना खोदून खोदून विचारलं, सगळ्या म्हणाल्या छान आहे गं पेटी, रंग काय मस्त दिलाय. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मोजले तेव्हा चाळीसच्या चाळीस जसेच्या तसे, वर थोडी धूळ. फुटपट्टीचा चेहरा पडला. तिला पहिल्यांदाच वाटलं की मोठ्या बाईंचं बरोबर असेल, आणि या विचाराचा तिला फार राग आला.

बाथरूम धुणाऱ्या मावशी दाराशी पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. कमी बोलणाऱ्या बाई, पण त्या बाथरूममध्ये कोण कशाला येतं आणि कोण रडायला येतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी फुटपट्टीकडे बघितलं आणि म्हणाल्या, मधली सुट्टी झाली की आत जा, कडी लाव आणि स्वतःसाठी एक काढून बघ. एवढं बोलून त्या फरशी घासायला लागल्या.

मधल्या सुट्टीत बाथरूम गच्च भरलं होतं. नळापाशी सात-आठ जणी, आरशापाशी चार, सगळ्यांची एकच कलकल. फुटपट्टी शेवटच्या संडासात शिरली, कडी लावली आणि झाकण उचललं. बिजागरी कुरकुरली. तिनं एक पॅड काढला आणि झाकण सोडलं. खट्ट!

चार भिंतींना फरशा लावलेल्या, वर पत्रा. तो आवाज असा घुमला की बाहेरची कलकल एका क्षणात थांबली. नळसुद्धा कोणीतरी बंद केला. मग एकीनं हळूच विचारलं, कोण आहे गं आत, आणि दोघी-तिघी हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, अशाच हसल्या. पण आत फुटपट्टीचे कान तापले. तिला पाळी आलेली नव्हती, तिला पॅड नको होता, ही पेटी तिचीच होती आणि तरी ती घंटा होईपर्यंत बाहेर पडली नाही. सगळ्या गेल्यावर कडी काढली तेव्हा मावशी तिथेच होत्या.

"रोज तिघी-चौघी झाकण उचलतात," मावशी म्हणाल्या. "कुरकुरलं की तसंच धरून ठेवतात आणि अल्लद खाली ठेवतात. घेत कोणीच नाही."

झालं होतं ते असं. फुटपट्टीनं भिंत मोजली, पेटी मोजली, जमिनीपासूनची उंची मोजली, फक्त आत उभी असलेली मुलगी मोजायची राहिली. त्याहून वाईट म्हणजे चूक बाबांची नव्हती. त्यांच्याकडे सूचना पेटी मागितली, तशी त्यांनी सूचना पेटी दिली होती. लाजायचं नाही असं सगळ्या शाळेला शिकवणारी मुलगी बापापुढे लाजली आणि ती लाज आता भिंतीवर ठोकलेली होती, रोज खट्ट करत होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं उरलेले दोन्ही तास खिडकीबाहेर बघत काढले. शेजारी रेडिओ बोलत होती. बुधवारला पाच दिवस उरले होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती पेटी बगलेत मारून तडक दुकानात गेली. करवत चालू होती. पॉलिशवाले आजोबा टेबलाला हात देत होते आणि तेच खुर्चीवालं गिऱ्हाईक खुर्ची न्यायला येऊन बसलं होतं. फुटपट्टीला वाटलं, हे जाईपर्यंत थांबावं. मग तिला वाटलं, आत्ता थांबले तर मी कायमचीच थांबेन. तिनं भिंतीपाशी जाऊन मशीनचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. दुकानात बटणाला बाबांशिवाय कोणी हात लावत नसे. बाबांनी वर बघितलं.

"बाबा, ही सूचना पेटी नाही," ती मोठ्यानं, प्रत्येक शब्द तोडून म्हणाली. "मुलींच्या पाळीच्या पॅडची पेटी आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

आजोबांनी मान खाली घालून ब्रशाचे केस तपासायला घेतले. गिऱ्हाईक खुर्चीचे पाय बघायला लागलं, जणू एखादा पाय कमी भरतो की काय. बाबांनी पेटी हातात घेतली, झाकण उघडलं, मिटलं, खट्ट, पुन्हा उघडलं. फुटपट्टीनं सगळं सांगून टाकलं, बाथरूम, फरशा, मावशी, हसणाऱ्या मुली. फक्त रेडिओचं नाव तेवढं घेतलं नाही, कारण ते सांगण्याचा तिला हक्क नव्हता.

"म्हणजे तू मला माप खोटं दिलंस," बाबा म्हणाले.

तिनं मान वर केली. सगळी मापं बरोबर होती, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वस्तू कशासाठी आहे हेच चुकीचं सांगितलं तर बाकीचे आकडे घेऊन करायचं काय, हे सुताराच्या पोरीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा रागावलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते तिला जास्त लागलं.

"आणि माझ्यापासून काय लपवायचं त्यात?" ते पुढे म्हणाले. "तुझ्या आईचे पुडे सोळा वर्षं दुकानातून मीच आणतोय. तुझेही मीच आणतो. घरात आपोआप उगवतात असं वाटलं होतं का तुला?"

फुटपट्टीला खरोखर तसंच वाटलं होतं. म्हणजे तिनं त्याचा विचारच केला नव्हता. आजोबा हसले, मग गिऱ्हाईक हसलं आणि शेवटी तीही हसली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिनं लाकडाच्या भुशावर ढकललं.

मग बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खरी चौकशी सुरू झाली. आत उभं राहिल्यावर कोणता हात मोकळा असतो? हात ओला असतो का कोरडा? फरशी धुताना पाणी किती वर उडतं? झाकण काढूनच टाकू या, असं फुटपट्टी म्हणाली, तर त्यांनी ते उडवून लावलं. उघडं ठेवलं तर दोन दिवसांत सगळं दमट होईल आणि दमट वस्तू मुलींना द्यायची नाही. पुड्यांचा कागदही वाजतो, हे तिनं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, कागद कोणाच्याही दप्तरात वाजतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही. लाकडाचा आवाज तेवढा आपल्या पेटीचा असतो, आपण आपलं बघू.

रविवारी सकाळी दोघं कामाला लागले. चाप निघाला, बिजागऱ्या निघाल्या, झाकण वरून कायमचं बंद झालं, पुढची फळी निघाली. तिच्या जागी आईनं जुन्या जाड कापडाचा पडदा शिवून दिला, तळाशी पातळ पट्टी घातलेला, म्हणजे तो आपल्या वजनानं खाली सरळ राहील. खालून हात सरकवायचा, घ्यायचं, हात काढायचा. पट्टी जिथे लाकडाला टेकते तिथे बाबांनी लोकरीची चिंधी चिकटवली. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच न वाजणारी वस्तू केली होती, आणि ती वाजत नाही हे तपासायला त्यांच्याकडे कान नव्हते. त्यांनी फुटपट्टीला पाठमोरं उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि स्वतः पेटीत हात घालून काढायला लागले.

"आला?"

आला, ती म्हणाली. त्यांनी चिंधी दुमडून जाड केली. थोडासा आला. पट्टी किंचित तासली. असं बारा-तेरा वेळा झालं. शेवटी बराच वेळ गेला तरी प्रश्न येईना, म्हणून तिनं मागे वळून बघितलं तर बाबा हातात सात पॅड घेऊन उभे होते.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी पेटी परत शेवटच्या संडासात लागली. मावशींनी येऊन आत हात घातला, काढला आणि मान हलवली. मंगळवारी संध्याकाळी फुटपट्टीनं बघितलं तर एकतीस उरले होते. ती बाथरूममध्ये एकटीच नाचली, असं मावशी नंतर सांगायच्या, पण त्याला पुरावा नाही.

बुधवारी रेडिओ शाळेत आली. बाकावर बसली आणि बोलली नाही. पहिला तास गेला. दुसऱ्या तासाला तिनं हात वर केला, परवानगी घेतली आणि बाहेर गेली. फुटपट्टीनं वहीत एक रेघ मारली, त्याखाली दुसरी मारली, पट्टी न लावता, वाकडीतिकडी. रेडिओ घरीच निघून गेली तर? दप्तर बाकावरच आहे, पण दप्तर टाकूनही लोक जातात. सात मिनिटं झाली. दार उघडलं आणि रेडिओ आत येऊन बसली. दोघींपैकी कोणी कोणाकडे बघितलं नाही. गुरुवारी हजेरीला रेडिओ होती. शुक्रवारीही होती.

शनिवारी पहिल्या तासाच्या आधी मोठ्या बाई आल्या. मागे मावशी, बाजूला फुटपट्टी. बाईंनी पडदा वर केला, आतले पॅड एकेक करून बाहेर काढले. सहा. त्यांनी पुन्हा आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत फिरवला. मग फुटपट्टीकडे वळून विचारलं की चौतीस पॅड कोणी कोणी नेले.

"माहीत नाही बाई."

एकीचंही नाव नाही सांगता येणार? नाही बाई. ते कळतच नाही, कळू नये अशीच पेटी केलीय. मोठ्या बाईंना कपाटातली वही आठवली असणार, कारण त्यांच्या कपाळावर आठी आली आणि ती फुटपट्टीसाठी नव्हती. मग पॅड परत ठेवताना त्यांच्या हाताला तळाशी, फटीत अडकलेलं काहीतरी लागलं. घडी घातलेला वहीचा कागद. त्यांनी तो उघडून मोठ्यानं वाचला.

"पेटी एक वीत खाली घ्या. पाचवी-सहावीच्या मुलींचा हात पोचत नाही. काल एकजण बादली पालथी घालून चढली होती, पडली असती. आणि मधल्या मजल्यावर पण लावा, तिथून इथे येईपर्यंत तास बुडतो. बाकी पेटी चांगली आहे, रंग सोडून."

अक्षर तिरकं, घाईघाईतलं, प्रत्येक ओळ पुढे पळणारी. फुटपट्टी ते अक्षर वर्षभर शेजारून बघत होती. आणि उंची! उंची तिनं स्वतःच्या खांद्याला धरून घेतली होती, अर्थातच.

कोणाचं अक्षर आहे हे, ओळखतेस का, मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही बाई," फुटपट्टी म्हणाली. महिन्याभरातलं हे तिचं दुसरं खोटं. याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

मोठ्या बाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि स्वतःच्या वहीत ठेवली. मधल्या मजल्यावरची कधी होईल, एवढंच त्यांनी विचारलं. मग जाता जाता मावशींना म्हणाल्या की कारकुनांना सांगा, त्या कपाटातली वही आता नको.

फुटपट्टी वर्गात पोचली तेव्हा हजेरी संपत आली होती. ती आपल्या जागेवर बसली. बाईंनी रेडिओचा नंबर घेतला, रेडिओ हजर म्हणाली, बाईंनी वहीत खूण केली आणि पुढचा नंबर घेतला. फुटपट्टीनं दप्तरातून लाकडी पट्टी काढून बाकावर दोघींच्या मध्ये ठेवली आणि समोर फळ्याकडे बघत म्हणाली की मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलींचे खांदे मोजायचेत, एकटीनं जमणार नाही, पट्टीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी पाहिजे.

रेडिओनं पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "खांदे कशाला मोजतेस वेडे, हात वर करायला लाव आणि मग मोज," ती म्हणाली, आणि सुरू झाली. पाचवीतली कोण किती बुटकी, सहावीत कोण, मधल्या मजल्यावर कुठली भिंत, आणि तो निळा रंग तर शी, औषधाच्या बाटलीसारखा. ती थांबेचना. वर्ग मागे वळून बघायला लागला. बाईंनी फळ्यावर डस्टर आपटलं, काय ही बडबड म्हणत रेडिओला उभं केलं आणि तास संपेपर्यंत उभंच राहायला सांगितलं.

पाळीच्या चौथ्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर, रेडिओ तासभर ताठ उभी राहिली.